ढाबळीशेजारी घेतलेला श्वास

निदान कळले तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. वेळ लक्षात आहे, कारण डॉक्टर बोलत असताना मी त्यांच्या मागच्या घड्याळाकडे पाहत होतो. शेजारच्या खुर्चीवर पत्नी लता बसली होती. तिच्या मांडीवर तपासण्यांची पिशवी होती.

"इंटरस्टिशियल लंग डिसीज," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी ते मराठीत सांगितले. फुफ्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्या पिशव्यांच्या भिंती पातळ असतात आणि प्राणवायू त्यांच्यातून रक्तात जातो. माझ्या भिंती सुजल्या होत्या. काही ठिकाणी त्या जाड आणि कडक झाल्या होत्या. हवा आत येत होती, पण पुढे जात नव्हती.

एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला स्कॅन, समोरच्या पडद्यावर होता. दोन्ही बाजूंना खाली धुके पडल्यासारखा भाग दिसत होता.

"हे कशामुळे झालं ते शोधावं लागेल," त्या म्हणाल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. सिगारेट? नाही. सांधे दुखतात, सुजतात? नाही. धुळीच्या कारखान्यात काम केले? नाही, वृत्तपत्रात. घरात ओल, बुरशी? नाही. त्याच वेळी लताचा मोबाइल वाजला आणि ती बाहेर गेली.

"घरात पक्षी वगैरे?"

"नाही," मी म्हणालो.

आमच्या गच्चीवर बेचाळीस कबुतरे होती.

हे उत्तर विसरून दिले नव्हते. पुढचा प्रश्न काय येईल आणि त्यानंतरचा सल्ला काय असेल, हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळले होते. उत्तर मी त्यासाठीच दिले. हा मजकूर लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. डॉक्टरांपासून एक गोष्ट लपवून ठेवणारा रुग्ण मी एकटाच असेन, असे मला वाटत नाही.

कबुतरे हमीदभाईंमुळे आली. ते आमच्या दैनिकाच्या छपाईयंत्रावर फोरमन होते आणि मी संपादकीय विभागात उपसंपादक. मूळचे ते खुलताबादचे. निवृत्त होऊन गावी परतताना त्यांनी मला गिरेबाज कबुतरांचा एक जोड दिला. गिरेबाज म्हणजे उंच उडणारी, हवेत कोलांट्या घेणारी जात.

"काकडे साब, अपना अखबार दूसरे दिन रद्दी हो जाता," ते म्हणाले होते. "ये रोज नया उडता."

अकरा वर्षांत एका जोडाचे बेचाळीस झाले. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी सुताराकडून लाकडी ढाबळ बांधून घेतली. पहाटे साडेपाचला ढाबळीची दारे उघडायची. कबुतरे आधी कठड्यावर बसत, मग एकदम उठत. घरावरून दोन फेऱ्या होत. तिसऱ्या फेरीत थवा पाण्याच्या टाकीच्या बाजूने वळे आणि उन्हाची पहिली तिरीप पंखांच्या आतल्या बाजूला लागे, तेव्हा सगळा थवा क्षणभर पांढरा दिसे. मग तो वर जाई, ठिपका होईस्तोवर. तोपर्यंत मी खराट्याने ढाबळ झाडून काढी. वाळलेल्या विष्ठेची धूळ उडे. नंतर बाजरी टाकायची आणि शीळ घालायची. आभाळातला ठिपका मोठा होत खाली येई.

मला मूल नाही. कबुतरांविषयी यापेक्षा अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज वाटत नाही.

आजाराची पहिली खूण नवरात्रात दिसली होती. कोरडा खोकला. हवा बदलली म्हणून असेल, असे समजून मी दुर्लक्ष केले. दिवाळीनंतर गच्चीच्या बावीस पायऱ्या एका दमात चढता येईनात. संध्याकाळी अंगात कणकण असे आणि सकाळी ती नसे. वजन चार किलोने उतरले. लताने बळेच दवाखान्यात नेले. एक्स-रे, मग पीएफटी, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी, मग स्कॅन आणि मग ती खुर्ची.

कारण सापडेपर्यंत डॉक्टरांनी काही औषधे दिली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि मला रुग्णालयातल्याच फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. ही तिशीच्या आतली मुलगी योगही शिकवत होती. तिने पहिल्याच दिवशी मनाई सांगितली: कपालभाती नाही, भस्त्रिका नाही, श्वास कोंडून धरणे नाही. नंतर करायचे ते सांगितले. आधी उभे राहून खांदे फिरवणे, हात वर नेत ताडासन, मग हात-पाय टेकून मार्जारासन, तेही दम लागला की थांबायचे. शेवटी पाठ ताठ ठेवून बसायचे, एक हात पोटावर. नाकाने चार अंक श्वास आत. ओठांचा चंबू करून सहा अंक बाहेर. लक्ष दुसरीकडे गेले की ते परत श्वासावर आणायचे.

"स्वतःवर चिडायचं नाही. लक्ष जाणारच," ती म्हणाली. "काका, दहा मिनिटं करा, पण रोज. एक दिवस तास आणि मग चार दिवस काही नाही, असं नको."

रोज होत नाही, हीच लोकांची अडचण असते, मी म्हणालो.

"म्हणून जागा एक ठेवा, वेळ एक ठेवा. आणि काही झालं तरी तुम्ही जी गोष्ट रोज करताच, तिला हे जोडून घ्या. दात घासणं, पूजा, काहीही. नवी सवय एकटी उभी राहत नाही."

काही झाले तरी रोज करतो, अशी माझी एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवसापासून मी ढाबळ झाडून झाली की तिच्यासमोरच सतरंजी टाकू लागलो. थवा आभाळात असे. चार अंक आत, सहा अंक बाहेर. पहिल्या आठवड्यात मी आकडे मोजत होतो. तिसऱ्या आठवड्यात मोजावे लागले नाही. थव्याची एक फेरी माझ्या तीन श्वासांत पुरी होई. लक्ष भटकले तर थव्यावर जाई आणि थव्यावरून आपसूक श्वासावर येई. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. आयुष्यात कुठलाही व्यायाम मी पंधरा दिवसांवर टिकवला नव्हता. हा सत्तर दिवस टिकला, घरी असताना एकही खाडा न पडता. डायरीत तशी नोंद आहे.

त्याच डायरीत दुसरी नोंदही आहे. पल्स ऑक्सिमीटर हे बोटाला लावायचे चिमट्यासारखे यंत्र असते. ते रक्तातल्या प्राणवायूचा आकडा दाखवते. पहिल्या दिवशी आकडा पंच्याण्णव होता. तिसाव्या दिवशी त्र्याण्णव. पन्नासाव्या दिवशी एक्क्याण्णव. दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात, एकाच पानावर होत्या. मी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत. इतरांच्या बातम्यांत मी ही चूक रोज पकडत असे.

मधेच पुतण्याचे लग्न निघाले. थोरल्या भावाचे घर शेंद्र्याकडे, शेतात. तिथे आठ दिवस राहिलो. कबुतरांना दाणा घालायला शेजाऱ्याला सांगितले होते. पाहुण्यांच्या गर्दीत योगासन झाले नाही. तरीही खोकला कमी झाला. पाचव्या दिवशी मी विहिरीपर्यंत चालत जाऊन आलो. परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा कणकण आणि दम.

लताने या घटनेचा लगेच अर्थ लावला.

"तिथं आठ दिवस श्वासाचं काई केलं नाय, तर बरे व्हते. इथं रोज करता अन् रोज खोकता. बंद करा ते."

"खंड पडला म्हणून त्रास वाढला," मी म्हणालो.

"मग इचारा डॉक्टरीणबाईला."

"विचारतो."

विचारले नाही. उलट संध्याकाळीही सतरंजी टाकू लागलो. संध्याकाळी कबुतरे ढाबळीत परतलेली असत, पंख फडफडवत जागा घेत असत. त्या हवेत मी वीस मिनिटे दीर्घ श्वास घेई. जितका नियम कडक, तितका मी खाली जात होतो.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी न्हाणीघरातून बाहेर येताना मी दाराला धरून उभा राहिलो. बोलता येईना. ऑक्सिमीटरवर चौऱ्याऐंशी होते.

रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर खाट मिळाली. नाकाला प्राणवायूची नळी लावली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की कारण सापडत नसल्याने फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासावा लागेल. याला बायोप्सी म्हणतात. "या अवस्थेत त्याला धोका आहे. पण आपण अंधारात औषध देतोय, त्यालाही धोका आहे," त्या म्हणाल्या. लताने संमतीपत्र वाचायला घेतले. एका शब्दाने ते कागद बाजूला ठेवता आले असते, हे मला माहीत होते. तो शब्द मी उच्चारला नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. इथे प्रथमच लिहीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तपासत असतानाच हमीदभाई आले. डोक्यावर टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. खुलताबादहून पहिल्या बसने निघून ते आधी आमच्या घरी जाऊन आले होते.

"सलाम काकडे साब. कायकू टेन्शन लेते तुम? कबूतरां एकदम मस्त हैं. दाना डालके आया, झाडू बी मारके आया. क्या धूल है साब तुम्हारे ढाबले में, तौबा! मेरेकूच खांसी लग गई."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

"कोणती कबुतरं?"

हमीदभाई त्यांच्याकडे कौतुकाने पाहू लागले. "साब के कबूतर. बेचाळीस हैं, मॅडम. पूरे उस्मानपुरे में ऐसे गिरेबाज नहीं मिलेंगे."

"किती वर्षांपासून?"

"मैंनेच दिये थे. दस-ग्यारा साल हुए होंगे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. खोलीत सर्वात आधी लता बोलली.

"तुमी सांगितलं नव्हतं?" तिचा आवाज अगदी खाली आला होता. "मला वाटलं, त्यांना ठाऊक हाय. समदं ठाऊक असून त्या काही बोलत नाईत, म्हंजे कबुतरांचं काही नसंल. म्हणून मी गप होते."

तिने संमतीपत्र घडी करून पिशवीत टाकले आणि ती बाहेर व्हरांड्यात गेली. परतायला तिला अर्धा तास लागला. डोळे धुतलेले होते.

आजाराचे पुरे नाव त्या दिवशी कळले: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या भुकटीची सूक्ष्म धूळ श्वासावाटे आत जाते. बहुतेकांना काही होत नाही. काहींचे शरीर तिला शत्रू समजते आणि रोज लढाई सुरू करते. लढाई होते ती फुफ्फुसात. धूळ थांबली तर सूज उतरते. फार उशीर झाला तर व्रण राहतो, आणि व्रण भरून येत नाही. दोन दिवसांत रक्ताच्या आणखी एका तपासणीने या संशयाला दुजोरा मिळाला. बायोप्सी रद्द झाली.

मी गच्चीवरच्या सतरंजीविषयीही सांगितले. डॉक्टरांनी डायरी मागवून घेतली. बराच वेळ पाने उलटत होत्या.

"व्यायाम तुम्ही अगदी बरोबर केलात, काका," त्या म्हणाल्या. "इतका नियमित माझा एकही पेशंट करत नाही. हाच व्यायाम तुम्हाला पुढं लागणार आहे. पण सत्तर दिवस तुम्ही ती धूळ खोल आत ओढून घेत होता."

"आता काय करायचं?"

"स्टेरॉइड देते. पण आधी ढाबळ गेली पाहिजे."

"काही महिन्यांसाठी?"

"कायमची."

"पाच-सहा ठेवली तर? मास्क लावून?"

"एकही नाही."

दाराशी उभे असलेले हमीदभाई पुढे आले. "मॅडम, मेरा घर खुल्ला है, गाँव के बाहर है. मैं ले जाता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हारेच रहेंगे साब. बस रहेंगे मेरे पास."

कबुतरे गेली ती मी पाहिली नाही. मी रुग्णालयात होतो. लताने नंतर सांगितले की हमीदभाईंनी झाकणाच्या टोपल्या आणल्या होत्या आणि ते प्रत्येक कबुतराशी बोलत होते. मास्क लावलेल्या माणसांनी ढाबळ पाणी मारून उतरवली आणि गच्ची धुतली. घराच्या भिंती, पडदे, गाद्या स्वच्छ होईपर्यंत तीन आठवडे मी भावाकडे राहिलो. स्टेरॉइडने झोप गेली, भूक वाढली, चेहरा सुजला. आकडा मात्र चढला: अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव. एप्रिलच्या मध्यात मी घरी आलो. गच्चीचे दार कुलूपबंद होते. किल्ली लताकडे होती.

योगाभ्यास पुन्हा सुरू करायचा होता. जागा मागच्या खोलीत, खिडक्या बंद ठेवून. वेळ तीच, सकाळी सहा. पहिल्या एकवीस दिवसांत अकरा दिवस झाला. सतरंजी टाकून बसायचे, चार अंक मोजायचे आणि पाचव्या अंकाला कान छताकडे जायचे. वर काहीच नसे. मला उठून जावेसे वाटे आणि बहुधा मी उठून जात असे. श्वासात अडचण नव्हती. ज्या गोष्टीला ही सवय जोडली होती, ती गोष्ट उरली नव्हती.

मे महिन्यात एका सकाळी सातव्या की आठव्या श्वासाला छतावर आवाज आला. पंख मिटल्याचा आवाज. मी ओळखला.

त्याच सकाळी हमीदभाईंचा फोन आला.

"साब, महिनाभर बंद रखा उनकू. कल पहली बार छोडा. सात वापस नहीं आये. तुम्हारे इधर आये क्या?"

"आले आहेत."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. गिरेबाज घर सहजी बदलत नाही. जिथे वाढला, तिथे परत येतो. मधे पंचवीस किलोमीटर असले आणि घर राहिलेले नसले, तरीही.

"अब सुनो. दाना नक्को. पानी बी नक्को. दो-चार दिन में समझ जाते, इधर आ जाते. नरम पडे ना साब, तो फिर उधरकेच हो जाते."

मी लताला तसे सांगितले. रोज सहा वाजता ती जुने लुगडे घेऊन गच्चीवर जाई. तिचा हाकलण्याचा आवाज खाली येई, "जा रे, जा! घर हाय ना तुमाला तिकडं?" मी मागच्या खोलीत बसून ऐके. त्या दिवसांत अभ्यासाला खाडा पडला नाही, पण त्याचे कारण अभ्यास नव्हते. ती वर आहेत हे ऐकायला मिळावे म्हणून मी बसत होतो. आठवड्यात सातांची चार झाली. तीन खुलताबादला परतल्याचे हमीदभाईंनी कळवले. उरलेली चार येत राहिली. दोन आठवडे झाले, तीन झाले. ऊन बेचाळीसवर गेले होते. दाणा नाही, पाणी नाही, तरी ती येत होती. हमीदभाईंना याचे नवल वाटत होते. मला त्याचे सुख वाटत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासणी झाली. सहा मिनिटे चालण्याची चाचणी असते. सहा मिनिटांत किती अंतर कापले आणि आकडा कितीवर आला, ते पाहतात. अंतर वाढले नव्हते. पीएफटीचा आलेख थांबला होता.

"घरावर अजून येतात का?" डॉक्टरांनी विचारले.

"येतात. चार."

"ते थांबलं पाहिजे. काका, फुफ्फुसानं तुम्हाला एक संधी दिली. आणखी एक देईल, असं मी म्हणू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लता गच्चीवरून खाली आली. अभ्यास संपवून मी दारात उभा होतो. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत ओले होते.

"पाणी ठेवतेस?"

तिने पदराला हात पुसले. नाकारले नाही.

"दाणा कधीच नाय टाकला. पाणी ठेवते. इतक्या उन्हाचं खुलताबादवरून उडत यायचं अन् दारात घोटभर पाणी नाय? कुणाच्या दारात असं असतं व्हय?"

अकरा वर्षे तिने गच्चीवरच्या घाणीबद्दल मला बोल लावले होते. ढाबळीत ती एकदाही गेली नव्हती.

ती म्हणाली, "माझ्यानं आपसूक बंद व्हायचं नाय. तुमी सांगा ठेवू नको म्हणून. तुमी सांगितलं तर नाय ठेवणार."

तो पूर्ण दिवस मी सांगितले नाही. संध्याकाळी एकदा किल्ली मागावीशी वाटली. वर जाऊन लांबून पाहावे, एवढेच. मागितली नाही, कारण पाहिले असते तर सांगणे झाले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांब्या भरून जिन्याकडे निघाली तेव्हा मी म्हणालो, "ठेवू नकोस."

ती थांबली. तांब्यातले पाणी तिने दारच्या तुळशीला घातले. "चार हाईत," एवढेच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवशी चारही कबुतरे कठड्यावर बराच वेळ होती. नखांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी आवाज कमी वेळ आला. चौथ्या दिवशी मी सहा वाजता बसलो आणि साडेसहाला उठलो, तोवर छतावर काही उतरले नाही.

दुपारी हमीदभाईंचा फोन आला. तीन कबुतरे कालच परतली होती. चौथ्याविषयी त्यांच्याकडे माहिती नव्हती. माझ्याकडेही नव्हती. आजही नाही.

त्यानंतर अभ्यास पुन्हा कशाला तरी जोडणे भाग होते. फिजिओथेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, "तुमची सवय नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी घ्या." लता सकाळी सहाला चहाचे आधण ठेवते. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, त्यात कधी बदल नाही. मी तिला सांगितले, मी अभ्यासावरून उठेपर्यंत चहा गाळू नकोस. तिला चहाशिवाय काही सुचत नाही. त्यामुळे माझा अभ्यास बुडाला तर तिचा चहा बुडतो. एकदा मी बाराव्या मिनिटालाच उठलो. आतून आवाज आला, "आधण अजून उकळलं नाय. बसा खाली." मी बसलो.

या व्यवस्थेला आता चौदा महिने झाले. मधे तापाचे नऊ दिवस सोडले तर खाडा नाही. स्टेरॉइड बंद झाले आहे. बसल्या जागी आकडा शहाण्णव असतो, चालल्यावर त्र्याण्णव. डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी व्रण आहे. तो राहणार आहे. योगाने आजार बरा झाला, असे मी लिहिणार नाही. तो धूळ थांबल्याने आणि औषधाने थांबला. जेवढे फुफ्फुस उरले, तेवढे पुरवून वापरायला श्वासाचा अभ्यास शिकवतो. पहिल्या मजल्यावर जाताना मी आता ओठांचा चंबू करून, दोन पायऱ्यांना एक श्वास या हिशेबाने चढतो आणि वर पोहोचल्यावर लगेच बोलू शकतो.

आपल्यापैकी कुणाला हाच आजार निघाला असेल, तर दोन गोष्टी. अभ्यास पाच मिनिटांपासून सुरू करा आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या माणसाला त्यात गुंतवा. आणि जे सोडावे लागेल म्हणून तुम्ही डॉक्टरांना सांगत नाही, ते आधी सांगा. माझे ते गुपित संत्र्यांच्या एका पिशवीने आणि एका भल्या माणसाच्या बडबडीने उघडे पडले. प्रत्येकाच्या खाटेशी हमीदभाई येतीलच असे नाही.

डॉक्टरांचा मी ऋणी आहे. माझे पहिले उत्तर त्यांनी मला पुन्हा कधी ऐकवले नाही. हमीदभाई महिन्यातून एकदा येतात. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येतात आणि आधी दारातच विचारतात, "मैं साफ हूँ, आऊँ क्या?" कबुतरांच्या बातम्या सांगतात. आता ती एकोणपन्नास आहेत. खुलताबादच्या डोंगरावर वारा चांगला असतो, ती फार उंच जातात, असे ते म्हणतात. मला तिथे जायला मनाई आहे.

कबुतरांची आठवण येते का, असे लोक विचारतात. येते. रोज सकाळी सहा ते साडेसहा. श्वास आत घेताना ती वर जातात. फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे मी लक्ष परत श्वासावर आणतो. चिडत नाही. मग ती पुन्हा वर जातात. साडेसहाला लता चहा गाळते.